शेजारच्या सीटवरचा ब्रेक

"मास्तर, पाय," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय फरशी रेटत होता. भोवती बसलेल्या मंडळींना हसू फुटलं आणि मास्तर ओशाळले.

नाटकातली गाडी म्हणजे दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. नाटक करता करता माणसाला स्वतःचा शोध लागतो, असं हा वर्ग चालवणाऱ्या ताईंचं म्हणणं. मी हरवलोच कुठे होतो, असं मास्तरांनी पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. पण इथे पाठवणाऱ्या बायकोपुढे त्यांची डाळ शिजली नव्हती. जन्मभर त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवलं. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो, त्यावर त्यांचा पाय कायमचा. त्या पायाने कितीकांचे जीव वाचवले असतील! घरी मात्र त्यानेच घात केला. मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली, तर हे आडवे आले. तिने ऐकलं नाही, तेव्हा अबोला धरून बसले. उद्या सकाळी ती निघणार होती, आणि यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

गटातली औषधाच्या दुकानातली बाई त्यांची मुलगी झाली होती. तिने हवेतलं स्टिअरिंग धरलं. "बाबा, वळू का?"

"थांब. आधी आरसा बघ. मागून कोणी..."

पाय पुन्हा फरशीवर.

"भीती कसली वाटते?" ताईंनी हळूच विचारलं.

मास्तर फरशीवरच्या पायाकडे बघत म्हणाले, "मी नसलो तर ती धडकेल, याची. आणि नाही धडकली, तर माझं काय काम?"

आता कोणी हसलं नाही. मास्तरांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीतच मांडी घातली. जीव मुठीत धरून म्हणाले, "तुला दिसतंय ना? वळ."

ती वळली. काहीच झालं नाही. मास्तरांना रडू आलं, आणि फार हलकंही वाटलं.

घरी मुलगी बॅग भरत होती. ते दारात घुटमळले.

"तिकडे मला बोलावशील कधी?"

तिचा हात थांबला. "खोली अगदी लहान आहे, बाबा."

"मी कोपऱ्यात बसेन."

पलंगावरचे कपडे तिने बाजूला सारले आणि त्यांना बसायला जागा केली.