पाइपातली खोली

खोली म्हणजे सिमेंटचा पाइप. पूल अर्धवट सोडून गेलेल्या कंत्राटदाराचे माणूसभर उंचीचे चार पाइप वैनगंगेच्या मधल्या बेटावर तसेच पडून होते. गुलाबभाऊंनी ते आतून चुन्यानं रंगवले, दोन्ही तोंडांना बांबूचे तट्टे लावले आणि मार्कंड्याच्या देवळाला येणाऱ्यांना स्वस्तात द्यायला लागले. माझ्या नवऱ्यानं, प्रफुलनं, हे कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं.

"हॉटेलात तर कोणीही राह्यते वं," तो म्हणाला.

उन्हाळ्यानं नदी उतरलेली. मोटारसायकल काठावर लावून, उतार दाखवायला रोवलेल्या बांबूंच्या कडेकडेनं आम्ही गुडघाभर पाण्यातून आलो. पियुष माझ्या कडेवर. "द्या ना बाई, मी घेतो," गुलाबभाऊ म्हणत होते. मी दिला नाही. त्याला दम्याचा त्रास आहे, मी त्याला कोणाकडेच देत नाही. सासूबाई म्हणतात, लेकरापेक्षा त्याची मायच जास्त धापा टाकते.

गादीखाली मऊ लागावं म्हणून धानाचं तणस अंथरलेलं. पियुषनं त्यावर उड्या मारायला सुरुवात केली. तट्ट्यातून आलेल्या उन्हात धूळ उडताना दिसली तेव्हा मी धावले, पण तोवर त्याचं हसत हसत त्यात लोळूनही झालं होतं. गुलाबभाऊ आमच्या जेवणासाठी मासोळ्या आणायला डोंगा घेऊन निघून गेले.

पाइपात बारीक आवाजही घुमतो. पियुषच्या छातीतली शिट्टी मला गोल भिंतीतून ऐकू आली.

"अहो, औषधाची पिशवी द्या."

प्रफुल बॅग उपसत राहिला. मग थांबला. "ते गाडीच्या डब्यातच राह्यली. म्हटलं, दोन दिवसांत काय होते. उगाच ओझं..."

मी पियुषचा शर्ट वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या मध्ये खड्डा पडत होता. त्याला उचलून मी बाहेर पळाले आणि काठाशीच थबकले. वर कुठून तरी धरणाचं पाणी सोडलं होतं. उताराच्या बांबूंचे फक्त शेंडे दिसत होते. फोनला रेंज नव्हती.

गुलाबभाऊंची आई, बायनाबाई, टरबुजाच्या वेलांतून लंगडत आली. "चढते असं कधी कधी. गुलाब येते ना डोंगा घेऊन."

"कधी येतील?"

"मासोळी भेटली तर लवकर. नाई भेटली तर बसते मंग तिथीच."

प्रफुलनं पँट दुमडली. "मी जातो."

"पोहता येतं तुम्हाला?"

त्यानं पाण्याकडे पाहून मान हलवली, नाही. मी कुरखेड्याची. गावच्या बोडीत, म्हशींच्या मागे मागे पोहायला शिकलेली. जायचं मलाच होतं. पण पियुषचा श्वास किती जोरात चालला की घाबरायचं, हेही मलाच कळत होतं.

"त्याला आडवा करू नका. पाइपात नेऊ नका. आणि ओठ निळे दिसले तर..."

"तर काय करू?" प्रफुलनं विचारलं.

बायनाबाईनं हात पसरले. "दे वं बाई. इथी उभी राहून पाणी उतरते काय?"

मी पियुषला तिच्या हातात दिलं. त्यानं माझी ओढणी मुठीत धरली होती. ती सोडवली आणि पाण्यात शिरले.

पहिले काही बांबू धरत गेले. पाणी छातीला लागलं. मग एक बांबू जागेवर नव्हताच. पाय टेकेना. पोहायला लागले तर धारेनं बाजूला ओढत नेलं आणि बरंच खाली, काठच्या दगडांवर आपटलं. गुडघा फुटला. काठानं धावत गाडीपाशी आले आणि डब्याचं छोटं कुलूप पाहिलं.

"किल्ली!" मी ओरडले.

पलीकडे प्रफुलनं खिसा चाचपला आणि दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले.

काठावरचा दगड उचलून मी कुलपावर घातला. पहिला घाव गाडीवर बसला, दुसरा माझ्या बोटावर. मग मोजले नाहीत. कडी निघाली. पिशवी ओढणीनं डोक्याला बांधून परत पाण्यात पाय टाकला, तोच वरच्या अंगानं हाक आली.

"ओ बाई! उतरू नका! काऊन मरून राह्यल्या?"

गुलाबभाऊंचा डोंगा होता. मी त्यात चढले. ते वल्हवत होते आणि मी ओल्या हातांनी दम्याच्या पंपाला मास्क बसवत होते.

बायनाबाई रेतीत बसली होती. पियुष तिच्या छातीला टेकून उभा. ओठ फिके, डोळे मोठे झालेले. रडायलाही श्वास नव्हता. मी मास्क लावला. दाबलं. थांबले. परत दाबलं. प्रफुल त्याचे पाय धरून बसला होता, कशासाठी कोण जाणे.

काही वेळ काहीच बदललं नाही. मग बरगड्यांमधला खड्डा जरा उथळ झाला. पुन्हा जरा. पियुषनं मास्क हातानं ढकलला, माझ्याकडे पाहिलं, आणि मला सोडून गेलीस म्हणून जे भोकाड पसरलं, ते पलीकडच्या काठापर्यंत गेलं असेल.

"गप रे बाबू, गप," प्रफुल म्हणाला.

"रडू द्या त्याला," मी म्हटलं.