दहापैकी दोन

मी शेकायची पिशवी बोलतेय. रबराची, गरम पाण्याची. नवी होते तेव्हा लालबुंद होते, आता विटून विटेसारखी झालेय. हसू नका. तुमच्याही घरात न्हाणीघराच्या दारामागे माझी एखादी बहीण लटकलेली असेल. पोट दुखलं की तुम्ही तिला जवळ घेता, आणि दुखायचं थांबलं की तिचं तोंड बघत नाही. चालायचंच.

माझा जन्म साच्यातला. बाहेर काढल्यावर कुणीतरी पाणी भरून मला उलटी धरली, गळते का ते बघायला. नाही गळले. तेवढ्यावर पास झाले. पुढचं शिक्षण काही झालं नाही.

औषधाच्या दुकानातून जिनं मला आणलं ती तेव्हा तरणीताठी होती. आता मी तिला म्हातारी म्हणते, ती मला म्हातारी म्हणते, आणि दोघींचंही बरोबर आहे. मुलाच्या जुन्या सदऱ्याचा तिनं मला अभ्रा शिवला. त्याचा खिसासुद्धा तसाच ठेवला. त्या खिशात मी काय ठेवावं ते मला आजवर कळलेलं नाही.

त्या मुलाचं पोट मीच शेकत आले. ते फक्त शाळेच्या दिवशी दुखायचं, सुट्टीत कधी नाही. खरं दुखणं कुठलं आणि खोटं कुठलं ते मला पहिल्या चटक्यात कळतं. खोटं पोट मऊ असतं. खरं पोट मुठीसारखं आवळून बसतं. पण मी चहाडी केली नाही. शेकलं आणि गप्प राहिले.

आणखी एक सांगते. पोटात ऊन पाणी पडलं की मला गुंगी येते. सगळं लांब लांब जातं, माणसांचे आवाज तळ्याच्या बुडातून आल्यासारखे येतात. रिकामी असते तेव्हा मी नुसती वस्तू, भरले की स्वप्नं बघते. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडं पाणी असणारच. गाळून घ्या.

मुलगा मोठा झाला, परदेशात नोकरीला लागला, लग्न झालं, सूनबाईला दिवस गेले. म्हातारी बॅग भरायला बसली. फोनवरून मुलगा म्हणाला, "आई, ती पिशवी कशाला आणतेस? इथं सगळं मिळतं."

"मिळत असेल. पण तिथली पिशवी माझं पोट ओळखते का?"

आले मी. विमानतळावर एका शिपायानं मला दाबून बघितलं, नाकाशी नेलं आणि परत ठेवलं. परदेशात माझं एवढंच स्वागत झालं.

घर उंचावर होतं. खिडक्या बोटभरच उघडायच्या. भिंतीला खिळा मारायला घरमालकाची बंदी, म्हणून मला चिकटवायच्या हुकावर टांगलं. बाहेर इतकी शांतता, की शेजारी माणसं राहतात की फर्निचर राहतं तेच कळेना. मुलगा आणि सून सकाळी कामाला जायची. मग दुपारभर मी, म्हातारी आणि जमिनीवरून सरकत जाणारं ऊन.

थोड्या दिवसांनी म्हातारीच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. जेवलं की कळ उठायची आणि पाठीत जायची. तिनं मला भरलं, पोटाशी धरलं. मला लगेच कळलं. मूठ होती ती, आणि आवळलेली.

"कुणाला बोलू नकोस बाई," ती मला म्हणाली. "मी आलेय बाळंतपण करायला, करून घ्यायला नाही. कळलं तर परत पाठवतील. नातवंडाचं तोंड बघू दे, मग काय व्हायचं ते होऊ दे."

पण एकदा मुलानं तिला ओट्याशी वाकलेलं बघितलं आणि दवाखान्यात नेलं. मी तिच्या हातातल्या पिशवीत होते, पिशवीतली पिशवी.

आता आमच्या म्हातारीची रीत ऐका. डॉक्टरकडे जायचं म्हणून तिनं न्हाऊन घेतलं, ठेवणीतले कपडे घातले, तोंडाला पावडर लावली. डॉक्टर समोर आला तर त्याच्याकडे बघून छान हसली. परक्याच्या दारात रडका चेहरा घेऊन कसं जायचं? डॉक्टरला वाटलं, बाई लग्नाला निघालीय.

भाषेसाठी त्यांनी फोनवर एक दुभाष्या दिला. आपली भाषा बोलणारा, कुठूनतरी लांबून बोलणारा बाप्या. डॉक्टर बोलेल ते आपल्या भाषेत सांगायचं आणि आपण बोलू ते त्याला, असं त्याचं काम. आपली भाषा ऐकून म्हातारी खुलली.

"जेवलास का बाबा?"

फोनमधून डॉक्टरला काहीतरी सांगितलं गेलं. डॉक्टरनं घड्याळाकडे बघितलं. फोन म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, हो, जेवलो."

"अरे, तुला विचारलं मी."

"आजी, मला सगळं सांगावं लागतं. तुम्हाला शौचाला कशी होते, विचारतायत."

म्हातारी लाजली. परका बाप्या, शेजारी मुलगा. "चांगली होते म्हणावं. सगळं चांगलं आहे."

मग डॉक्टरनं विचारलं, दुखणं एक ते दहात किती? त्या देशात हा प्रश्न पदोपदी. नाडी नंतर, आकडा आधी. ज्याचा आकडा मोठा तो रांगेत पुढे, ज्याचा लहान तो मागे. डॉक्टरनं पोट दाबलं तेव्हा म्हातारीनं श्वास कोंडून धरला आणि हसू सोडलं नाही.

"दोन," ती म्हणाली.

मी पिशवीत गुदमरले. दोन कसले? पण तिचंही म्हणणं ऐका. घरी जाताना मुलानं विचारलं तर म्हणते, "स्वतःला दहापैकी दहा मार्क कोण देतं? शोभतं का ते? आणि दहा म्हणजे तुझ्या जन्माच्या वेळच्या कळा. त्यापुढे बाकी सगळं दोनच्या आतच. आपण कमी सांगायचं, डॉक्टरला कळतंच की. डॉक्टर कशाला झाला मग?"

आपल्याकडे तसंच असतं. आपण म्हणायचं "काही नाही हो", आणि डॉक्टरनं दटावायचं, "काही नाही काय, जीभ दाखवा." इथला बिचारा सरळमार्गी. दोन म्हटल्यावर दोन. पाणी प्या, आराम करा, दुखलं तर ही गोळी घ्या. पोटाचा फोटो काढायचा नंबर लागला की कळवतील. तो नंबर इतका लांबचा, की तोवर बाळ रांगायला लागलं असतं.

मुलगा त्या नंबरासाठी दवाखान्यात फोन करून मागे लागायचा. फोन उचलायच्या आधी तिकडून एक सूर वाजायचा, मऊ, गोल गोल फिरणारा, ना सुरुवात ना शेवट. कामावर जाताना एकदा त्यानं फोन म्हातारीजवळ ठेवला आणि सांगितलं, "माणूस बोलला की हा कागद वाचून दाखव." कागदावर परक्या भाषेतली चार वाक्यं त्यानं आपल्या अक्षरांत लिहिली होती. म्हातारी पलंगावर पडली, पोटावर मी, उशीवर फोन. ऊन सरकत होतं. सूर फिरत होता. कळ उतरत होती. माझं पाणी त्या सुराबरोबर हलायला लागलं, आणि मला वाटलं आम्ही दोघी पलंगासकट कुठेतरी तरंगत निघालोय, काठावर कुणी नाही, घाई नाही. तिकडून शेवटी एक बाई बोलली. दोनदा बोलली. म्हातारी घोरत होती. बाईनं फोन ठेवला.

मुलानं कपाळावर हात मारला. "आई, रांग पुन्हा पहिल्यापासून."

"चांगलं गाणं होतं रे," म्हातारी म्हणाली.

दुखणं वाढत गेलं. मला दुपारी एकदा भरायची, आता दिवसभर भरायला लागली. पाणीही जास्त जास्त ऊन. तिच्या कातडीवर तपकिरी जाळी उमटायला लागली, पानाच्या शिरांसारखी. ती बघायची आणि कपडा ओढून घ्यायची.

एक दिवस सूनबाईची तपासणी होती. मुलाला रजा नव्हती. म्हातारी म्हणाली, मी येते सोबत. आणि निघताना मला भरभरून, पोटावर फडक्यानं बांधून, वरून जाड कोट घातला. सासू-सून दोघीही पोटुशा दिसत होत्या. बसमध्ये एका तरुणानं उठून सुनेऐवजी सासूलाच जागा दिली. म्हातारी ऐटीत बसली.

तपासणीच्या खोलीत सून पलंगावर, म्हातारी शेजारच्या खुर्चीत. नर्सबाईनं सुनेच्या पोटावर यंत्र ठेवलं आणि खोली शिवणयंत्रासारखी वाजायला लागली. टकटक टकटक टकटक. बाळाचं काळीज. माझ्या पाण्यालाही ते ऐकू आलं. तिकडेही ऊन पाणीच, आणि त्यात एक जीव स्वप्न बघत तरंगतोय. मला वाटलं, आपण एकाच तळ्यातले.

तेवढ्यात म्हातारीला कळ आली. मोठी. ती पुढे वाकली, मी तिच्या मांड्यांमध्ये दाबले गेले आणि माझं बूच सुटलं. आता तुम्ही म्हणाल, मुद्दाम सोडलंस. मी काही बोलत नाही.

पाणी खुर्चीवरून फरशीवर, फरशीवरून पलंगाखाली. नर्सबाईनं खाली बघितलं, पाण्याला बोट लावलं. कोमट. ती ओरडली, दुसरी धावत आली, सुनेला म्हणाल्या, हलू नका, पाणी गेलं तुमचं.

सून घाबरली, मग चाचपून म्हणाली, "माझं नाही."

सगळ्यांनी म्हातारीकडे बघितलं. म्हातारी छान हसली. तोंड मात्र पांढरंफटक पडलं होतं.

कोट काढला. फडकं सोडलं. मी चपटी होऊन बाहेर आले, नर्सबाईला हसू फुटलं, आणि माझ्याखालची ती जाळी सगळ्यांना दिसली. नर्सबाई हसायची थांबली. तिनं जाळीवरून बोट फिरवलं आणि सुनेला म्हणाली, "हे एका दिवसात होत नाही. रोज शेकल्यावर होतं. यांना विचारा, किती दुखतंय, एक ते दहा."

"दोन," म्हातारी म्हणाली.

"आई, आज मार्क मी देणार," सून म्हणाली.

"तू कोण देणारी? तुला दुखतंय का?"

"मग तुम्ही खरं सांगा."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. मी रिकामी पडले होते, माझ्याकडून काय मदत होणार?

"आठ."

"खरं?"

"साडेआठ. त्याच्या वर जाणार नाही. बाळंतपणासाठी काही राखून ठेवायला हवं."

सूनबाईचे डोळे भरले. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पाठवून दिलं असतं मला."

"कुणी पाठवलं असतं? मला इथे दुसरं कोण आहे?"

म्हातारी पहिल्यांदा परक्यांसमोर रडली, पावडरीवरून ओघळ आले.

आठ म्हटल्यावर तो देश धावला. अहो, साडेआठला खाटेला चाकं लागतात तिथं. पित्ताची पिशवी खड्यांनी भरून सुजली होती. माझीच जातवाली, पण फुटायच्या बेतात. ती काढून टाकली. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबल्या असत्या तर आत फुटली असती.

पुढे बाळ झालं. मुलगी. सासू-सून शेजारी शेजारी पडून राहिल्या, आणि मुलगा दोघींना वाढून द्यायला लागला. त्याचं पोट त्या दिवसांत एकदाही दुखलं नाही.

मला आता बंदी आहे. रबराला भेगा पडल्या, बूच झिजलं. तरी म्हातारीनं टाकू दिलं नाही. हुकावर असते. दुपारचं ऊन न्हाणीघरात येतं तेव्हा रिकाम्या पोटीही मला गुंगी येते आणि तो फोनमधला सूर ऐकू येतो.

मग ती पोरगी उठते. तिला अजून कुणी रीत शिकवलेली नाही. भूक लागली, दहापैकी दहा. लंगोट ओला, दहापैकी दहा. सगळं घर धावतं. म्हातारी तिला उचलून म्हणते, "रड बाई, चांगली रड. तुझ्या आजीला नाही जमलं."

तुम्हीही परक्या मुलखात असाल, पोटात कळ असेल आणि तोंडावर हसू असेल, तर खरा आकडा सांगा. डॉक्टरला सांगवत नसेल तर घरातल्या माणसाला सांगा. तेही होत नसेल तर मला सांगा, मी कुणाला बोलणार नाही. बूच तेवढं सैल आहे माझं, एवढं लक्षात ठेवा.