खोट माझ्या पाण्यात नव्हती

मी एक जुनी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची बादली आहे. अंगाला पोचे पडलेत, कडी वाकलीय. पण मित्रांनो, खालच्या आवाजात बोलायची मला सवय नाही.

सायखेड्यात धोंडाबाईंच्या घरी मी गुरांना पाणी पाजत असे. दोन हजार सालाच्या सुमारास त्यांच्या सुनेने, छायाने, पॉलिहाऊसात कार्नेशनची फुले लावली आणि माझे नशीब पालटले. संध्याकाळी तोडलेली फुले रात्रभर घरातल्या खोलीत माझ्या पाण्यात उभी राहत, सकाळी नाशिकच्या बाजाराला जात. तेव्हाचा माझा तोरा काय सांगू!

एका हंगामात मात्र पांढरी फुले सकाळपर्यंत पाकळ्या आत मुडपून झोपू लागली. व्यापाऱ्याने ती परत धाडली, आणि खापर फुटले माझ्यावर.

"बादलीच कुजकी हाय. दे भंगारात," धोंडाबाई म्हणाल्या. "अन् फुलं पुन्हा परत आली, तर ती पांढरी झाडं उपटून टाक."

ती जात छायाने हौसेने आणली होती. तिचे तोंड एवढेसे झाले. मला मात्र संताप आला. रोज राखेने घासलेली मी, कुजकी कशी?

छाया भांडली नाही. तिने पांढरी आणि तांबडी फुले माझ्यात एकत्र ठेवली. सकाळी पांढरी झोपलेली, तांबडी ताठ.

"आत्याबाई, बादली एक, पाणी एक. मग तांबडीला काहीच कसं नाय झालं?"

छायाने खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात धोंडाबाईंनीच पूजेसाठी केळ्यांचा घड पिकत घातला होता.

"पिकल्या फळाशेजारी कच्चं लवकर पिकतं. मग फूल का नाय म्हातारं व्हायचं?" म्हणत तिने घड ओसरीवर नेला. दुसऱ्या दिवशी नव्याने तोडलेली पांढरी फुलेही ताठ उभी होती.

मित्रांनो, पिकत्या फळातून एक वायू सुटतो. काही जातींच्या फुलांना तो लगेच बाधतो. काही जाती त्याला भीक घालत नाहीत, म्हणून फुलदाणीत जास्त टिकतात. ज्याचा त्याचा पिंड!

त्याच सकाळी भंगारवाला दारात आला. धोंडाबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग घडाकडे.

"बादली नाय द्यायची," त्या म्हणाल्या. "दोन केळी खाऊन जा."

तेव्हा फूल मलूल झाले म्हणून भांड्यावर डाफरू नका. त्याची जात ओळखा, शेजारी काय पिकतेय ते बघा आणि भांडे रोज घासा. माझी कडी वाकलीय, मी नाही.