विमानाच्या कुशीवरचा पोकळ रिव्हेट

मित्रांनो, तुमच्या करंगळीच्या नखावर मला ठेवले, तर माझ्या शेजारी अजून एकजण आरामात मावेल. एवढासा मी. ॲल्युमिनियमचा, गोल टोपीचा, आता चांगला जुना झालेला एक रिव्हेट. माझ्या पोटात आरपार भोक आहे. ते बुजले, तर आपण किती वेगात आणि किती उंचावर आहोत हे अख्ख्या विमानाला कळेनासे होते. तेव्हा बोलता बोलता मी जरा भाव खाल्ला, तर रागावू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याला पत्रा जोडायचा आणि गप्प बसायचे, हे आमच्या घराण्याचे काम. पण मला आणि माझ्या जुळ्या भावाला वेगळ्या पुडीत बांधून विमानाच्या सुट्या भागांच्या खोक्यात टाकले गेले. ते खोके आले मेस्त्रींच्या घरी. मेस्त्रींनी सारी हयात लेथ मशीनवर घालवली होती. निवृत्त झाल्यावर लोक फुलझाडे लावतात. यांनी घरामागच्या गॅरेजात विमान जोडायला घेतले! त्यांच्या पत्नीने तीस वर्षे इस्पितळात नर्सचे काम केले होते. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणे, आणि नवरासुद्धा तेच म्हणे.

आता विमानाला वेग कसा कळतो, ते ऐका. पंखाखाली एक नळी असते, ती समोरचा वारा तोंडावर घेते. विमानाच्या दोन्ही कुशींवर एकेक बारीक भोक असते, ते आजूबाजूच्या हवेचा दाब आत घेते. हे दोन्ही दाब नळ्यांमधून पुढच्या डायलपर्यंत जातात, आणि त्यांच्यातल्या फरकाने वेगाचा काटा हलतो. कुशीवरचे ते भोक म्हणजे मी व्हायचे होते. खोक्यासोबत आलेल्या विमानाच्या नकाशात तसे स्पष्ट काढलेले होते.

मेस्त्रींनी मला चिमटीत धरले आणि नाक मुरडले.

"एवढी गुळगुळीत कूस केली, आणि तिच्यावर हा फोड ठेवू?"

त्यांनी लेथवर दोन सुरेख चकत्या केल्या, मधोमध केसाएवढे भोक पाडले आणि त्या पत्र्याशी अगदी सपाट बसवल्या. वरून रंग असा दिला की बोट फिरवले तरी सांधा लागू नये. येणारे-जाणारे त्या चकत्या बघून वाहवा करत. आम्हा दोघा भावांची रवानगी स्क्रूच्या डब्यात झाली. मला फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

नळ्यांचे काम मात्र सिस्टरने हाती घेतले. मेस्त्रींनी आणलेली पारदर्शक नळी तिने बोटांत दाबून पाहिली आणि परत पाठवली.

"उन्हात ही कडक होईल आणि सांध्यावरून निसटेल. सलाईनची नळी सुटली तर अंथरूण तरी ओलं होतं हो. इथे सुटली तर कळणार कशानं?"

मग टिकाऊ नळ्या आल्या. समोरच्या वाऱ्यासाठी निळी, कुशीसाठी पांढरी, म्हणजे अदलाबदल नको. कुशीपासून निघालेली नळी तिने आधी वर चढवली आणि मग पुढे नेली, म्हणजे भोकातून पावसाचे पाणी शिरलेच, तर ते डायलपर्यंत न जाता मागच्या मागे ओघळेल. शेवटी एका चकतीचे भोक बुजवून आणि दुसरीवर नळीचा तुकडा लावून तिने इंजेक्शनच्या सिरिंजने हळूच हवा ओढली, तसा काटा वर चढला. नळी चिमटून ती घड्याळाकडे बघत राहिली. पहिल्यांदा काटा घसरला. एक सांधा गळत होता. तो घट्ट केल्यावर काटा पाच मिनिटे जागचा हलला नाही.

"आता बसशील ना माझ्याबरोबर?" मेस्त्रींनी विचारले.

"काटा खरं बोलतोय हे मला दिसू दे, मग बसेन. तुमच्यावर विश्वास आहे हो. काट्यावर नाही."

मेस्त्री हसले, पण ते विमान दोन सीटचे होते, आणि दुसरी सीट कोणासाठी हे त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवले होते.

पहिल्या उड्डाणाला मेस्त्री एकटेच गेले. माझा डबा हत्यारांच्या पिशवीत, सीटमागे घट्ट बांधलेला होता, म्हणून पुढचे सगळे मला ठाऊक आहे. उतरताना काटा ताशी साठ मैल दाखवत होता. वेग कमी पडतोय असे वाटून मेस्त्रींनी इंजिनाला थोडा जोर दिला. खरा वेग सत्तरच्या घरात होता! विमान काही केल्या टेकेना. धावपट्टी खालून भराभरा सरकत होती आणि पलीकडचे कुंपण जवळ येत होते. चाके टेकली तेव्हा पट्टी जवळजवळ संपली होती. ब्रेक करकचून दाबत विमान गवतात शिरले आणि कुंपणापासून दहा पावलांवर थांबले.

सिस्टर धावत आली. "काय झालं?"

"काही नाही गं. ब्रेक नवे आहेत ना."

तिने वाकून चाकात अडकलेले गवत ओढून काढले. "काही नाही म्हणणारे पेशंट मी तीस वर्षं बघितलेत. शर्ट बघा आधी आपला, घामानं चिंब झालाय."

मग मेस्त्रींनी खरे काय ते सांगितले, आणि काटा तपासायचा उपाय तिनेच सुचवला. कमी उंचीवर, काटा नव्वदवर स्थिर धरायचा. एकदा वाऱ्याच्या तोंडावर जायचे, एकदा पाठीवर वारा घेऊन यायचे, आणि दोन्ही वेळी फोनवर दिसणारा वेग लिहून घ्यायचा. मेस्त्रींनी तसे केले. जाताना ब्याण्णव आले, येताना एकशे आठ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सिस्टरने सरासरी काढली: शंभर. काटा दहाने कमी सांगत होता.

"एवढंच ना? डायलखाली चिठ्ठी लावतो, 'दहा मिळवा'," मेस्त्री म्हणाले.

"ताप कमी दाखवणाऱ्या थर्मामीटरवर आम्ही चिठ्ठी नाही चिकटवत. तो टाकून देतो."

"अगं, नळ्या गळत नाहीत, डायल नवा कोरा आहे. चुकतंय कुठे मग?"

"नळीच्या तोंडाशी काय बसवलंय तुम्ही?" असे म्हणत तिने नकाशा पुढे सरकवला.

मित्रांनो, गंमत अशी की मी तो फोड आहे म्हणूनच कामाचा आहे. माझ्या गोल टोपीवरून वारा जरा चपळाईने सरकतो, आणि तिथला दाब तेवढाच उतरतो, जेवढा त्या विमानाला हवा असतो. सपाट चकतीवर तो तसा उतरत नाही, आणि काटा मागे राहतो.

मेस्त्री उठले. गॅरेजात जाऊन त्यांनी त्या चकत्यांवरून अंगठा फिरवला, परत घरात आले, पुन्हा गेले. रंगासाठी त्यांचे आठ महिने गेले होते. त्यांचा जीव किती तुटत होता ते मला डब्यातूनही कळत होते. अखेर त्यांनी ड्रिल उचलले. चकत्या काढल्या, आतून पत्र्याचे ठिगळ लावून पृष्ठभाग सपाट केला, आणि ठिगळाच्या मधोमध माझ्यापुरते भोक पाडले. मला त्यात घालून, जन्मापासून माझ्या पोटात असलेला खिळा ओढला. टक्! खिळा तुटला, त्याचा उरलेला तुकडा ठोकून बाहेर काढला आणि मी पोकळ झालो. दुखले थोडे. पलीकडच्या कुशीवर भावाचेही असेच झाले. पण मागून सिस्टरने पांढरी नळी चढवली तेव्हा मला प्रथमच वाटले, आपण कोणाचे तरी आहोत. रंगाची छटा काही जुळली नाही. माझ्याभोवती आजही एक फिकट वर्तुळ दिसते.

मेस्त्री आधी एकटे उडून आले आणि नेमके उतरले. मग सिस्टर बसली. वर गेल्यावर तिने खाली बघितलेच नाही. काटा नव्वद. फोन जाताना चौऱ्याऐंशी, येताना शहाण्णव. बोटांवर हिशेब करून ती म्हणाली, "बरोब्बर." फोन पर्समध्ये गेला, पर्स पायाशी गेली, आणि मग तिने खिडकीला कपाळ टेकवले. "अहो, किती छान दिसतंय!" ती म्हणाली, आणि तिला नीट दिसावे म्हणून मेस्त्रींनी विमान हळूच तिच्या बाजूला कलवले.

त्याला आता कित्येक वर्षे झाली. मी सुखात आहे. आमचे विमान बघायला येणारे माझ्याभोवतीचे वर्तुळ पाहून अजूनही नाक मुरडतात, तर मुरडू देत. मला पॉलिश नको, शाबासकीही नको. मित्रांनो, एकच मागणे आहे. विमान धुताना आत पाणी जाऊ नये म्हणून माझ्या भोकावर चिकटपट्टी लावतात. धुऊन झाले की ती आठवणीने काढा. आत माणसे बसणार असतात.