बाहेरून लख्ख

मी एक जुनी काचेची नळी आहे, मित्रांनो. पुरुषभर लांब, आणि एके काळी अख्ख्या कारखान्याची लाडकी. पण आधीच सांगून टाकते, मी एकदा सगळ्यांदेखत खोटं बोलले.

साबणाच्या कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या, कातडी जाळणाऱ्या पाण्याची उंच टाकी होती. तिच्या अंगाला मला उभं बसवलं. टाकीत पाणी जितकं चढेल, तितकंच माझ्यात चढायचं. शेजारच्या पट्टीवर रेघा होत्या. एक रेघ म्हणजे शंभर लिटर.

टाकी तात्या सांभाळायचे. पाळी सुरू झाली की माझ्या बुडाची तोटी उघडून ते थोडं पाणी बादलीत सोडत, म्हणजे टाकीकडून येणाऱ्या वाटेत सोड्याचे खडे धरत नसत. "ही पोर कधी फसवत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मग मोठे साहेब येणार म्हणून जमीन रंगवली. डाग पडतील म्हणून तात्यांनी पाणी सोडणं थांबवलं आणि मला फडक्याने पुसायला घेतलं. साहेब म्हणाले, "काच कशी आरशासारखी ठेवलीय." झालं, तीच सवय लागली. मी बाहेरून लख्ख, आणि आतली वाट खड्यांनी गच्च.

त्या दिवशी टाकीखाली शिडीवर रंगारी काम करत होता. नव्या इंजिनियरबाई वही घेऊन आल्या.

"तात्या, पंप मिनिटाला पन्नास लिटर आत टाकतोय. साबणाच्या कढईकडे तीस जातायत. उरलेले वीस कुठे जातात?"

"कुठे जातील? टाकीतच."

"मग अर्ध्या तासात सहाशे वाढले. काच सहा रेघा चढायला हवी होती. ती जागची हललेली नाही."

"बाई, तुमची वही कालची. माझी काच वीस वर्षांची."

"आलं त्यातून गेलं वजा, उरलं ते पोटात. याला वही कशाला लागते? सुरुवातीला वर सातशेची जागा होती. आता पाचच मिनिटं राहिली. पंप बंद करा."

"बंद केला की परत चालू करायला तासभर झटावं लागतं."

"आणि रंगाऱ्याच्या डोक्यावर सोडा आला तर?"

तात्यांनी खाली पाहिलं. मग पंप बंद केला आणि रंगाऱ्याला हाक मारली, "उतर बाबा, लांब हो."

बाईंनी चष्मा आणि हातमोजे चढवून माझी तोटी उघडली. माझ्यातलं पाणी निघून गेलं, आणि परत आलंच नाही. टाकी काठाला आलेली, मी ठणठणीत कोरडी. गरम पाण्याने खडे सुटले, तेव्हा कुठे पाणी चढायला लागलं. ते थेट शेवटच्या रेघेच्या खाली येऊन थांबलं.

"रोज पुसायचो तरी," तात्या पुटपुटले.

"बाहेरून, तात्या."

दुसऱ्या दिवसापासून आधी बादली, मग फडकं.

सोड्याने खाऊन खाऊन मी धुरकट झाले, तेव्हा माझ्या जागी नवी नळी आली. आता मी शिकाऊ मुलांच्या खोलीत कपाटावर असते. अंगावर धूळ आहे. तिचं काही वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या हाती एखादं उपकरण आलं, तर ते पुसण्याआधी त्याची आतली वाट मोकळी करा. आणि ते कितीही लाडकं असलं, तरी आलं किती, गेलं किती, एवढा ताळा स्वतः करून पाहा. त्या संध्याकाळी रंगारी धडधाकट घरी गेला, तो माझ्यामुळे नव्हे.