खुराड्याच्या दारावरचा नंबर

ओलेटा कोंबड्यांना मका टाकत राहिली. वेंडेलला तिने घरात बोलावलं नाही. तिचा नवरा डेल्मर खाणीत छत कोसळून गेला होता, आणि चर्चसमोर बसणार असलेल्या स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव येणार नव्हतं.

स्मारक समितीचा प्रमुख म्हणून हे सांगायला वेंडेलच आला होता. दगड ब्राइट फोर्क खाणीत गेलेल्यांचा होता; डेल्मर गेला तो हॉलिस खाणीत. ती कंपनी कधीच बुडाली, आता विचारायलाही कोणी उरलं नव्हतं.

"मावशी, मला का वाटत नाही? पण दुसऱ्या खाणीचा एक माणूस घेतला की उद्या अर्धं केंटकी दारात येईल."

"दुसरी म्हणे! तू जन्मभर ज्या भोकात शिरलास ना, त्यातूनच त्याला बाहेर काढलं."

"असेलही. पण या डोंगरात भोकं काय कमी आहेत?"

ओलेटाने खुराड्याचं दार लोटलं. "वाच."

दार म्हणजे खाणीच्या तोंडावरची जुनी लाकडी पाटी. डेल्मरचं अक्षर चांगलं, म्हणून ती रंगवायचं काम त्याच्याकडे असे. मालक बदलला की तो जुन्या नावावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवून नवं नाव काढायचा. खालचा सरकारी नंबर त्यानेच पहिल्यांदा काढलेला; त्याला मात्र पुन्हा ब्रश लागू द्यायचा नाही. नाव मालकाचं, नंबर खाणीचा, असं म्हणायचा. तो गेल्यावर नव्या मालकाने पत्र्याची पाटी लावली आणि ही फेकली. ओलेटाने ती गावाच्या उकिरड्यावरून उचलून आणली होती.

वेंडेल वाकला. 'हॉलिस'चा रंग उडून त्याखालून आधीच्या मालकाचं नाव डोकावत होतं. खाली सात आकडे, दोन राज्याचे, पाच खाणीचे. निम्मे त्याने वाचले. उरलेले न बघताच म्हटले. ब्राइट फोर्कच्या पत्र्यावर तो रोज सकाळी हेच बघत आला होता.

त्याने टोपी काढली. "आधी का नाही दाखवलंस?"

"तुमच्या पाटीवर काय आहे, मला काय ठाऊक? मी कुठे परत गेले तिकडे?"

दगडावर डेल्मरचं नाव घ्यायचं, कंपनीचं मात्र कुठल्याच नको, नंबरच कोरायचा, असं समितीत ठरलं. आकडे डेल्मरच्याच अक्षरात उतरवून घ्यायला पाथरवट आला. दार न्यायला ओलेटाने नकार दिला. कोल्हा आला तर कोंबड्यांनी कुठे जायचं? मग त्याने पाटीवरच पातळ कागद लावला आणि आकडे गिरवायला घेतले. वारा होता. ओलेटाने कोपरा दाबून धरला. तिच्या अंगठ्याशेजारी डेल्मरचा लांब शेपटीचा नऊ हळूहळू कागदावर उतरत गेला.