आवडत्या संगीताची खोटी यादी

प्रमोदिनीबाईंनी फॉर्मवर थाप मारली आणि ती आठ आठवडे त्यांच्याच मानगुटीवर बसली.

श्यामसुंदररावांना मार्चमध्ये पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. कळायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटेना. पावसाळा सरल्यावर डॉक्टरांनी संगीतोपचाराच्या आठ बैठका लिहून दिल्या. फरक पडला तर पुढच्या. त्यासाठी अवंतिका नावाची मुलगी दर मंगळवारी कीबोर्ड घेऊन सिविल लाइंसच्या घरी येऊ लागली.

"काकू, बोलणं जिथं अडकतं ना, वहाँ से कभी कभी सूर निकल आता है," तिनं पहिल्याच दिवशी समजावलं. "अंकलना मनापासून आवडायचं तेच या फॉर्मवर लिहा. फिल्मी असलं तरी चलेगा."

फिल्मी! आणि या घरात? सासरे भय्यासाहेब शेजारच्या रेडिओवर सिनेमाचं गाणं लागलं तरी भरल्या ताटावरून उठायचे. ते जाऊन वीस वर्षं झाली, पण धाक कुठं गेला होता? बाईंनी ठसक्यात लिहिलं: अभंग, नाट्यपदं, सतार.

खरं काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. श्यामसुंदरराव दर शुक्रवारी ऑफिसातून परस्पर टॉकीजमध्ये जायचे आणि शनिवारी न्हाणीघरात नळ धो धो सोडून गुणगुणायचे. गाणी नव्हे हो, दृश्यामागचं संगीत! कोणी घर सोडून निघालं की मागं वाजतं ना, तसलं. बाई बाहेर टॉवेल घेऊन उभ्या राहून सगळं ऐकायच्या आणि ऐकलंच नाही असं दाखवायच्या.

तर आठ आठवडे सतार वाजली, अभंग झाले. रावांची नजर भिंतीवरून हलली नाही. त्यांना उचला, पुसा, भरवा, सगळं बाईंवर. कंबर बोलायला लागली होती. जीव लावलेला माणूस असला तरी सेवा करून जीव मेटाकुटीला येतोच, उगाच कोणी मोठेपणा सांगू नये. एक शब्द, फक्त एक शब्द ऐकायला मिळाला तरी आपण अजून ओढू, असं त्यांना वाटायचं.

आठव्या मंगळवारी अवंतिकानं कीबोर्ड आवरायला घेतला. "काकू, पुढच्या हफ्त्यापासून मला तिकडं कुंडम गावचे पेशंट दिले आहेत. इथं काहीच होत नाही, तर रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"थांब गं," बाई म्हणाल्या. "ती यादी खोटी आहे."

"खोटी? काहून?"

"लाजेपायी! दुसरं काय?" आणि त्यांनी शुक्रवारापासून नळापर्यंत सगळं सांगून टाकलं. श्यामसुंदरराव ऐकत होते.

अवंतिकानं मोबाइल काढला. "फिल्मचं नाव सांगा, अभी लगाती हूँ."

"नाव मला कोण सांगून राहिलं होतं? मी आपलं दाराबाहेरून ऐकलं."

"मग तुम्हीच गुणगुणा. मैं कीबोर्ड पे पकड़ लूँगी."

बाईंनी उभ्या जन्मात सिनेमाची धून तोंडातून काढली नव्हती. भिंतीवरच्या भय्यासाहेबांच्या फोटोकडं पाठ करून त्या बसल्या आणि गुणगुणायला लागल्या. आवाज फाटका, श्वास अपुरा. कीबोर्ड हळूहळू मागून आला.

श्यामसुंदररावांनी मान वळवली. डाव्या हाताची बोटं चादरीवर ताल धरू लागली. ते बघायच्या नादात बाईंचा दुसऱ्या ओळीचा सूर घसरला.

रावांच्या कपाळाला आठी पडली. ओठ थरथरले.

"चु... चुकलं."

आठ महिन्यांनी आलेला पहिला शब्द! बायकोचं नाव नाही, देवाचं नाही. संसारभर ज्या शब्दानं बाईंचा जीव खाल्ला, नेमका तोच.

"अगंबाई!" त्या हसल्या की रडल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. अवंतिका तर टाळ्याच पिटायला लागली.

बाईंना इतका शीण आला होता की तिथंच जमिनीवर आडवं व्हावंसं वाटलं. पण त्यांनी पदरानं डोळे पुसले, खुर्ची पलंगाजवळ ओढली, धून पहिल्यापासून धरली आणि दुसऱ्या ओळीवर आल्यावर मुद्दाम चुकल्या.